इजिप्तमधलं एडफूचं देऊळ: कोणी सावकाश पाहिलंय का?

चांदणचुरा

नमस्कार मंडळी,

गेल्या हिवाळ्यात आम्ही दोघं नाईलवर चार दिवस बोटीनं फिरलो. कर्नाक आणि अबू सिंबेलबद्दल इथे बरंच लिहून झालंय, त्यामुळे त्यांना हात लावत नाही. मला लिहायचंय एडफूबद्दल. बोट तिथे पहाटे लागते, घोडागाडीत बसवून देवळापाशी सोडतात आणि दीड तासात परत या म्हणतात. तो दीड तास मला अजिबात पुरला नाही. घरी आल्यावर चार महिने त्याच देवळावर मिळेल ते वाचत बसले. आता हे कोणाला तरी सांगितल्याशिवाय राहवत नाहीये.

एडफू लुक्सर आणि अस्वानच्या साधारण मध्यावर, नाईलच्या पश्चिम काठावर आहे. देव होरस, ससाण्याच्या रूपातला. ग्रीकांनी त्याला आपला अपोलो मानलं आणि गावाला अपोलोनोपोलिस म्हणू लागले. देऊळ पिरॅमिडांच्या काळातलं नाही, खूप अलीकडचं आहे. अलेक्झांडरनंतर इजिप्तवर ज्या ग्रीक टॉलेमी घराण्याचं राज्य होतं त्यांनी ते बांधलं. पण परक्या राजांनी बांधलं म्हणून घडण परकी नाही. भिंतीवरचा प्रत्येक टॉलेमी जुन्या फॅरोच्या वेशात, जुन्याच रीतीनं देवापुढे उभा आहे.

मला सगळ्यात आधी ज्यानं धरून ठेवलं ती गोष्ट म्हणजे हे देऊळ स्वतःचा इतिहास स्वतःच सांगतं. प्राकाराच्या, म्हणजे देवळाभोवतीच्या कोटाच्या, भिंतीवर बांधकामाची हकिगत कोरलेली आहे, तारखांसकट आणि प्रत्येक दालनाच्या हातांच्या मापांसकट. पायाभरणी झाली इ.स.पू. २३७ मध्ये, २३ ऑगस्टला, तिसऱ्या टॉलेमीच्या दहाव्या वर्षी. आतलं मुख्य देऊळ इ.स.पू. २१२ मध्ये उभं राहिलं. मग दक्षिण इजिप्तमध्ये मोठं बंड झालं आणि काम थांबलं. बंडखोर देवळाच्या आत लपून बसले होते, हेसुद्धा त्याच लेखात आहे! पुढे आठव्या टॉलेमीच्या काळात, इ.स.पू. १४२ मध्ये, देवाला देऊळ अर्पण झालं. बाहेरचा मंडप, अंगण, महाद्वार असं काम त्यानंतरही चालूच राहिलं, आणि महाद्वाराची दारं बसली इ.स.पू. ५७ च्या डिसेंबरात. एकूण १८० वर्षं! ज्यानं पायाभरणीची पहिली दोरी ताणलेली पाहिली त्याच्या खापरपणतवंडांनी दारं बसवलेली पाहिली असतील.

आत कसं जायचं ते सांगते. समोर महाद्वाराचे दोन अजस्र बुरूज, ३६ मीटर उंच, वर निमुळते होत गेलेले. त्यांवर बारावा टॉलेमी शत्रूंचे केस मुठीत धरून गदा उगारतोय. बुरुजांच्या दर्शनी अंगाला चार उभ्या खाचा आहेत, त्यांत निशाणाच्या लाकडी काठ्या उभ्या करत. आत गेलं की मोकळं अंगण, तीन बाजूंना ३२ खांबांची ओवरी. त्यापलीकडे मंडपाच्या दारात काळसर ग्रॅनाइटचा ससाणा, डोक्यावर उत्तर आणि दक्षिण अशा दोन्ही इजिप्तचा जोडमुकुट. माणसाहून उंच आहे. मग १८ खांबांचा बाहेरचा मंडप, १२ खांबांचा आतला मंडप, नैवेद्याचं दालन, अंतराळ म्हणजे गाभाऱ्याआधीची खोली, आणि शेवटी गाभारा.

आणि चालताना पायांना कळतं की जमीन हळूहळू चढतेय. छत खाली येत जातं. दारं लहान होतात. उजेड कमी कमी होतो. अंगणात डोळे दिपतात आणि गाभाऱ्यापाशी पोचेपर्यंत छताच्या झरोक्यातून आलेली उन्हाची एक तिरीप तेवढी उरते. आपल्याकडच्या जुन्या देवळात चौकातून गाभाऱ्याकडे जाताना जे होतं, अगदी तेच माझं तिथे झालं. आपोआप आवाज खाली आला.

गाभाऱ्यात मूर्ती नाही. मूर्तीचं दगडी देव्हारं मात्र आहे: एकसंध काळा दगड, सुमारे चार मीटर उंच, आरशासारखा घासलेला. आणि हे देव्हारं देवळापेक्षा जुनं आहे. शेवटच्या देशी फॅरोंपैकी एक, दुसरा नेक्टानेबो, त्यानं ते घडवलं होतं. नव्या देवळात टॉलेमींनी ते तसंच ठेवलं. त्याच्यासमोरची, देवाला मिरवायची लाकडी नौका हल्लीची, प्रतिकृती आहे.

एक गोष्ट जवळून पाहिली ती विसरता येत नाही. एका भिंतीवर होरसचा चेहरा छिन्नीनं उडवलेला. नुसता फोडलेला नाही, एकेक टोचा शेजारी शेजारी मारून, बाह्यरेषा जपून, फक्त आतला भाग खरवडलाय. हात पोचतो तिथपर्यंत हेच. त्याच्या वर, शिडीशिवाय जमणार नाही अशा उंचीवर, देवाचा डोळासुद्धा शाबूत. ख्रिस्ती काळात जुन्या देवांची पूजा बंद झाल्यावर हे झालं. छतं काजळीनं काळी पडली आहेत, पुढे लोक आत राहत होते, चुली पेटत होत्या.

अजून पुष्कळ आहे. पण आधी विचारते, इथल्या कोणी हे देऊळ नीट वेळ काढून पाहिलंय का?


सोनचाफा

वाचतेय. फार सुंदर लिहिलंय. आम्ही २०१८ ला गेलो होतो पण गाइडनं महाद्वार, ससाणा, फोटो एवढंच केलं. हे देऊळ इतकं धड कसं राहिलं? छतासकट उभं आहे, हे तिथेही जाणवलं होतं.


चांदणचुरा

सोनचाफा, वाळूनं आणि गाळानं वाचवलं. देऊळ सोडून दिल्यावर नदीचा गाळ आणि वाळवंटाची वाळू आत भरत गेली. डेव्हिड रॉबर्ट्स या चित्रकारानं १८३८ मध्ये काढलेल्या चित्रात अंगणातले खांब जवळपास गळ्यापर्यंत बुडालेले दिसतात, वर फक्त कमळाच्या आकाराची बोधं, म्हणजे खांबांचे माथे. लोकांनी तर देवळाच्या छतावर घरं बांधली होती. ओग्यूस्त मारिएत या फ्रेंच संशोधकानं १८६० मध्ये ते उपसायला सुरुवात केली, तेव्हा आधी छतावरची ती घरं हलवावी लागली. पाय जिथे ठेवायचे तिथे हजार-दीड हजार वर्षं कोणी पाय ठेवलाच नव्हता!


पाथरवट

उत्तम धागा. मी दगडाच्या कामातला माणूस आहे, वडील आणि आजोबाही त्यातलेच, म्हणून दोन गोष्टी घालतो.

हे सगळं वालुकाश्मात आहे, आणि तो आला गेबेल सिलसिलाच्या खाणींतून. त्या एडफूच्या दक्षिणेला, म्हणजे नदीच्या वरच्या अंगाला, अगदी काठालगत. दगड तराफ्यावर चढवायचा आणि प्रवाहाबरोबर खाली आणायचा. दगड वाहून नेण्याचा खर्च काय असतो हे ज्याला माहीत आहे त्याला या जागेची किंमत कळेल. इजिप्तमधला जुना चुनखडक तुळईसाठी फार लांब टाकता येत नाही, मधून तडकतो. वालुकाश्माची तुळई त्याच्यापेक्षा बरंच अंतर पेलते. म्हणून खांबांचे असे मोकळे मंडप जमले.

दुसरं, कोरीव काम. बाहेरच्या भिंतींवर चित्रं खोलात कोरतात, म्हणजे भोवतीचा दगड तसाच ठेवून आकृती आत घालायची. आतल्या भिंतींवर मात्र आकृती उचलून ठेवतात आणि भोवतीचा दगड काढून टाकतात. कारण ऊन. तिथल्या टळटळीत उन्हात उठावाचं काम सपाट दिसतं, खोलातल्या रेषेला मात्र काळीभोर सावली मिळते. आत दिव्याच्या उजेडात उलट, हलका उठावच जिवंत होतो. ताई, तुम्ही महाद्वारावरचा राजा आणि आतल्या मंडपातला राजा यांचे फोटो शेजारी ठेवून पाहा.

आणि खांबांची बोधं पाहिलीत का? एकाच रांगेत शेजारशेजारच्या खांबांना वेगवेगळी, एक ताडाच्या झावळ्यांचं, एक पपायरसचं, एक कमळाचं. टॉलेमी काळातली ही खास रीत.


अक्षरवेल

पाथरवटदादा, ऊन-सावलीचं हे माहीतच नव्हतं. धन्यवाद.

माझा प्रश्न वेगळा आहे. चांदणचुरा, भिंतींवर इतकं जे लिहिलंय ते आहे काय? नुसती स्तुती आणि राजांची नावं, की अजून काही?


चांदणचुरा

अक्षरवेल, तुम्ही नेमकं तेच विचारलंत जे सांगायला मी आतुर झाले होते.

दुसऱ्या एखाद्या देवळात क्वचितच असेल इतकं लेखन इथे आहे. एमिल शासिना या फ्रेंच अभ्यासकानं ते सगळं उतरवून छापायचं काम अंगावर घेतलं, १८९२ ते १९३४. देऊळ कसं बांधायचं, कसं चालवायचं, कोणी कुठल्या दारानं यायचं, सगळं भिंतीवर.

पायाभरणीच घ्या. राजा आणि लेखनाची देवी सेशात समोरासमोर उभे आहेत, दोघांच्या हातात मोगरी, खुंट्या ठोकताहेत, मधे दोरी ताणलेली. शेजारच्या लेखात राजा म्हणतो की मी ताऱ्यांच्या चालीकडे नजर लावली, मेस्खेतियूकडे पाहून देवळाचे कोपरे ठरवले. मेस्खेतियू म्हणजे आपले सप्तर्षी! हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून गच्चीवर गेले होते.

बाहेरच्या मंडपात एक लहानशी खोली आहे, ग्रंथांचं घर. त्यात कोणते ग्रंथ ठेवले होते त्यांची यादी भिंतीवर कोरलीय. पपायरसच्या गुंडाळ्या केव्हाच गेल्या, यादी राहिली. आतल्या मंडपाला लागून दुसरी खोली, तिथे उटणी आणि धूप करायच्या कृती. किफी नावाचा धूप होता, त्यात मनुका, द्राक्षासव, मध, हिराबोळ असं बरंच काही. कशात काय किती भिजवायचं, कधी गाळायचं, सगळं मापात.

आणि पुजाऱ्यांना दिलेल्या सूचना! त्यांच्या येण्याजाण्याच्या दारांपाशी कोरलेल्या. अशुद्ध असताना आत येऊ नका. देवाच्या घरात खोटं बोलू नका. देवाच्या मालमत्तेची हाव धरू नका. लाच घेऊ नका. मापात गडबड करू नका. लहानमोठा भेद करू नका. आत पाहिलेलं बाहेर सांगू नका. रोज त्याच दारानं जाणाऱ्या माणसाच्या डोळ्यांसमोर.

गाभाऱ्याच्या दर्शनी भिंतीवर देवाला उठवायचं स्तोत्र आहे. 'शांतपणे जागा हो' अशी विनवणी पुन्हा पुन्हा येते. पहाटे मुख्य पुजारी देव्हाऱ्याच्या दाराची मातीची मोहोर फोडायचा, जमिनीला कपाळ टेकायचा, मग धूप, वस्त्र, गंध, नैवेद्य. माझ्या आजीच्या भूपाळ्या आठवल्या. पहाटे साडेचारला ती म्हणायची, आम्ही गोधडीत असायचो.


घाटवाट

ताई, भूपाळीवरून मलाही वाटलंच. महाद्वार, ओवऱ्या, सभामंडप, गाभारा, देवाला उठवणं, पालखीसारखी नौका. आपलीच परंपरा तिकडे गेली असं काही लोक ठामपणे सांगतात. यात तथ्य आहे का?


पाथरवट

घाटवाट, मी तरी सावध राहीन. इजिप्तमध्ये मंडप, त्यामागे अंधारा गाभारा, ही रचना एडफूच्या कितीतरी शतकं आधीपासून पक्की आहे, कर्नाकमध्ये पाहा. आपल्याकडची उभी दगडी देवळं मिळतात ती बहुतेक त्यानंतरची. त्यांचं गेलं किंवा आपलं आलं असं म्हणायला मधला दुवा लागतो. देव हा घरातला वडीलधारा आहे, त्याला उठवायचं, न्हाऊ घालायचं, जेवू घालायचं, असं मानलं की दोन वेगळ्या गावांतली माणसंही सारखीच खोली बांधतात. मला हेच जास्त मोलाचं वाटतं.

सिंहमुखांचं घ्या. एडफूच्या छताच्या कडेला पावसाचं पाणी बाहेर टाकायला दगडी सिंहाची तोंडं आहेत. आपल्याकडे गोमुख, मकरमुख. पाणी भिंतीवरून ओघळू द्यायचं नाही, ही गरज दोन्हीकडे तीच. सिंह मात्र त्यांचा: वादळ म्हणजे होरसचा वैरी सेथ याचं काम, त्याला अडवायला सिंह.


चांदणचुरा

पाथरवटदादांशी सहमत. पण घाटवाट, खरा दुवा हवा असेल तर तो आहे, आणि मला तो जास्त आवडतो.

एडफूचा पाया घालणाऱ्या तिसऱ्या टॉलेमीचा बाप, दुसरा टॉलेमी. सम्राट अशोकाच्या तेराव्या शिलालेखात जे यवन राजे नावानं आले आहेत त्यांत 'तुरमय' म्हणजे हाच. आणि अशोकाच्या त्याच लेखमालेतल्या आठव्या आणि नवव्या लेखांचे तुकडे आपल्या नालासोपाऱ्याला सापडलेत. म्हणजे एडफूची दोरी ताणली गेली तेव्हा सोपाऱ्याचा दगड नुकताच कोरलेला होता.

याच दुसऱ्या टॉलेमीनं लाल समुद्रावर बेरेनिके हे बंदर वसवलं, मुख्यतः आफ्रिकेतून लढाईचे हत्ती आणण्यासाठी. त्या काळात बेरेनिकेहून वाळवंटातून नाईलकडे येणारा रस्ता एडफूच्या समोर, पूर्व काठाला उतरायचा. पुढे रोमन काळात हीच बंदरं हिंदुस्थानच्या व्यापाराची झाली. बेरेनिकेच्या उत्खननात हिंदुस्थानी घडणीच्या रांजणात सुमारे साडेसात किलो काळी मिरी सापडली, तीही देवळाच्या आवारात. सागवानही मिळालं. त्या काळच्या ग्रीक दर्यावर्दीच्या टिपणात आपल्या किनाऱ्यावरची सुप्पारा आणि कल्लिएना ही बंदरं आहेत, सोपारा आणि कल्याण.


घाटवाट

हे तर अफाट आहे. मी कल्याणला वाढलो. खाडीपाशी रोज संध्याकाळी जायचो, कोणी कधी सांगितलं नाही.


सोनचाफा

वाचनखूण साठवली. उत्सवांबद्दल लिहा ना. देव नौकेत बसून कुठे जायचा?


चांदणचुरा

सोनचाफा, तीन सांगते.

सगळ्यात मोठा, सुंदर भेटीचा उत्सव. उन्हाळ्यात डेंडेराची हाथोर देवी नौकेत बसून प्रवाहाविरुद्ध दीडशे किलोमीटरच्या वर प्रवास करून एडफूला होरसकडे यायची. वाटेत थांबे, ठिकठिकाणच्या देवांच्या भेटी. अमावास्येला पोचायची आणि पौर्णिमेपर्यंत मुक्काम. दोन आठवडे गावात जेवणावळी. महाद्वाराच्या आतल्या अंगाला, अगदी खाली, हा प्रवास कोरलाय: नौका, वल्ही, ओढणारे दोर. बहुतेकांची नजर वर असते, त्यामुळे पुढच्या वेळी गेलात तर मुद्दाम वाका.

दुसरा नववर्षाचा. देवाची मूर्ती जिन्यानं छतावर न्यायची, सूर्याचे किरण तिच्यावर पडू द्यायचे. दोन जिने आहेत, एक वळणावळणाचा, एक सरळ. जिन्याच्या भिंतींवर पुजाऱ्यांची रांग कोरलीय, आपल्याच वेगानं चालतेय असं वाटतं.

तिसरा जिवंत ससाण्याचा. दरवर्षी एक ससाणा निवडून त्याला राज्याभिषेक करायचे आणि महाद्वाराच्या दोन बुरुजांमधल्या सज्जातून लोकांना दाखवायचे. आत न येऊ शकणाऱ्या सामान्य माणसाला देव असा भेटायचा. त्या ससाण्याचं वेगळं लहान देऊळ समोर होतं, ते आता उरलेलं नाही.


अक्षरवेल

अजून एक शंका. देवळाचं तोंड दक्षिणेकडे का? नाईलकाठची देवळं बहुतेक नदीकडे तोंड करून असतात ना?


पाथरवट

बरोबर प्रश्न. एडफूला आधीचं देऊळ होतं, त्याचं तोंड नदीकडे. त्याच्या महाद्वाराचे अवशेष आजच्या अंगणाच्या पूर्वेला दिसतात, रामेसेस राजांच्या काळातले. टॉलेमींनी नवं देऊळ जुन्याशी काटकोनात, नदीला समांतर घेतलं. १३७ मीटर लांबीचं देऊळ आहे.

पूर्वेलाच भिंतीबाहेर पायऱ्या उतरून नाईलचं पाणी मोजायची विहीर आहे. पुराची उंची कळली की त्या वर्षीच्या पिकाचा अंदाज.


सोनचाफा

काजळीचं काही करतात का हो? की तसंच ठेवलंय?


चांदणचुरा

करताहेत! जर्मनीतलं वुर्झबर्ग विद्यापीठ आणि इजिप्तचं पुरातत्त्व खातं मिळून गाभाऱ्यातली धूळ, काजळी, पक्ष्यांची घाण हळूहळू काढताहेत. खालून मूळ रंग निघाले. आणि सोन्याच्या वर्खाचे तुकडे, देवांच्या आकृतींवर चिकटलेले. काळ्याकुट्ट अंधारात पुजारी दिवा घेऊन आत शिरायचा तेव्हा देवाचं अंग झळकत असणार. आम्ही गेलो त्या दिवशी मला ते दिसलं नाही, मी नेमक्या दुसऱ्या भिंतीकडे पाहत होते. परत जायचंय.


घाटवाट

आमचं पुढच्या फेब्रुवारीत ठरतंय, मुलगी दहा वर्षांची आहे. तिला दाखवायचं असं काही सांगाल का? एकच सांगा, वेळ थोडाच असतो.


चांदणचुरा

घाटवाट, तिला पश्चिमेच्या प्राकारभिंतीच्या आतल्या बाजूला घेऊन जा. देऊळ आणि प्राकार यांच्यामध्ये लांब उघडी बोळ आहे, तिथे गर्दी नसते. होरस आणि सेथ यांची लढाई आहे तिथे. बापाचा, ओसायरिसचा, खून करणाऱ्या काकाचा सूड. सेथ पाणघोडा झालाय आणि होरस नौकेत उभा राहून एकामागून एक दहा हारपून, म्हणजे दोर बांधलेले भाले, मारतो. आई इसिस नौकेत गुडघ्यावर बसून दोर धरून आहे. हे नुसतं चित्र नाही, दरवर्षी देवळात होणाऱ्या नाट्याची संहिताच आहे, कोणी काय म्हणायचं त्यासकट.

पाणघोडा शोधायला तिला सांगा. पटकन सापडत नाही, कारण तो मुद्दाम अगदी इवलासा कोरलाय. देवाच्या शत्रूला दगडातसुद्धा मोठं होऊ द्यायचं नव्हतं. आणि शेवटच्या प्रसंगात सुरी घेतलेला माणूस दिसेल. तो पाणघोड्याच्या आकाराचा केक कापतोय.


घाटवाट

आत्ताच वाचून दाखवलं तिला. कागदावर पाणघोडा काढायला बसली आहे, विचारतेय की सगळ्यांनी तो केक खाल्ला का.